नळाची की केसांची?

शनिवार, दि. ९ मार्च

प्रिय वायसर,

अनेक आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी घरच्यांची यादी मोजली असशील, कारण आपल्याकडे पत्र आलं म्हणजे काहीतरी झालंय असंच धरतात. म्हणून आधीच सांगते, सगळे ठणठणीत आहेत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण त्यांचं म्हणणं, कुरकुरतोय म्हणजे चालतोय. तुझी भाची उंचीत माझ्या पुढे गेली. बोलण्यात तर केव्हाच गेली होती. मी आहे तशीच. चष्म्याचा नंबर वाढलाय, आणि प्रत्येक वाक्य लिहून झाल्यावर ते खरं आहे का असं स्वतःला विचारायची खोडही वाढलीये.

फोन करता आला असता. पण फोनवर मी जरा मुद्द्याकडे वळले की तुझ्या खुर्चीत गिऱ्हाईक येऊन बसतं. दर वेळी. तुझ्या सलूनला खरंच एवढं गिऱ्हाईक असेल तर आनंदच आहे. पत्राचं एक बरं असतं, वाचणाऱ्याला मध्येच "ठेवतो गं ताई" म्हणता येत नाही.

तर बातमी अशी की बाबा प्रसिद्ध झालेत.

एवढ्यात हसू नकोस, पुढे जागा आहे.

तुला माहीत असेल, नसेलही, मागच्या वर्षी भाचीने हट्टाने आपल्या नळदुरुस्तीच्या दुकानाची वेबसाइट करायला लावली. "आजोबा, नळ गळला की लोक आता आधी फोनमध्ये बघतात," असं तिचं म्हणणं. बाबा म्हणाले, "फोनमध्ये बघून गळायचा थांबतो का?" पण नातीपुढे कुणाचं चाललंय? ते सांगत गेले, मी टंकत गेले. मध्ये एकदोनदा मी त्यांची भाषा सुधारायला गेले तर बरसले. "मी बोलतो तसंच लिही. नळाला व्याकरण नसतं."

म्हणून त्या पानावर सगळं त्यांच्या बोलीत आहे. शीर्षक तेवढं माझं: 'गळती: मुळापासून उपाय'. घोळ तिथेच झाला. जगात बहुतेकांच्या घरी गळती म्हणजे केसांची, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आपण नळवाल्याची पोरं, तुझं तर लाडाचं नावच नळातल्या रबरी चकतीवरून पडलेलं, वायसर. 'गळती' ऐकलं की आपला हात डोक्याकडे जात नाही, पान्याकडे जातो.

वर्षभर त्या पानाकडे कुणी फिरकलं नाही. येणाऱ्यांत निम्मी मीच, टंकलेखनाच्या चुका शोधायला. (इतकं शोधूनही एक राहिलीच. तिच्याकडे येते.) किती जण आले ते दाखवणारी एक रेषा असते. आमची रेषा आडवी पडून असायची, जेवण झाल्यावर दुकानात बाबा पडतात तशी. आणि एका सकाळी ती उभी राहिली. भाची दप्तरासकट दुकानात धावत आली. "आई, रेषा बघ!" मी बघेपर्यंत वेबसाइट उघडायचीच थांबली. ज्याने ती बांधून दिली त्या वेबवाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "ताई, सर्व्हर बसला."

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "बसला तर उठव त्याला. कामाच्या वेळी बसतो म्हणजे काय?"

मी वेबवाल्याला कारण विचारलं. तुला माहितीये, कारण कळल्याशिवाय मला आनंदही नीट होत नाही. तो म्हणाला, "असं बऱ्याच गोष्टींनी होतं. कुणी मोठ्या माणसाने तुमचं नाव घेतलं, किंवा तुम्ही बातमीत आलात, किंवा लोक भलतंच काही शोधत होते आणि तुम्ही नेमके वाटेत उभे. नाहीतर नुसती यंत्रं येऊन जातात, माणसं नसतातच."

"मग आमचं यातलं कुठलं?"

"बघावं लागेल."

अगदी आपल्या धंद्यातला माणूस वाटला. "बघावं लागेल" म्हणजे आज नाही.

बाबांच्या मते हा दुकानाच्या नव्या पाटीचा परिणाम. भाचीच्या मते तिने शाळेतल्या मैत्रिणींना पाठवलेल्या निरोपाचा. मी मनातून यंत्रांच्या बाजूची. चांगलं काही झालं की ते आधी खोटं धरायचं, हा माझा जुना नियम.

मग फोन वाजायला लागले, आणि यंत्रं काही फोन करत नाहीत. पहिला एका बाईंचा. "गळती फार आहे हो. रोज सकाळी कंगव्यात पुंजका येतो."

बाबा म्हणाले, "कंगवा नळात घातलातच कशाला?"

दिवसभर हेच. दुपारपर्यंत बाबांना अंदाज आला, आणि त्यांनी फोन उचलल्या उचलल्या एकच प्रश्न विचारायची पद्धत पाडली: "नळाची की केसांची?" केसांची म्हटलं तरी ठेवत मात्र नव्हते. एका तरुणाला त्यांनी वय विचारलं, मग विचारलं, "वडिलांना आहेत का केस?" तो नाही म्हणाला. "आजोबांना होते?" तेही नाही. "मग बाबा रे, तुमची लाइनच जुनी आहे. माझ्या हातात नाही." फोन ठेवून मला म्हणाले, "बिचारा. चांगला मुलगा होता."

इतके खूश बाबा मी फार दिवसांनी बघितले. गल्लीतला चपला शिवणारा रोज सकाळी लांबूनच ओरडतो, "काय, नळाची की केसांची?" आणि बाबा आपल्या टकलावर हात फिरवून म्हणतात, "आमची कधीच थांबली!"

मला चैन नव्हतं. पानावर बाबांनी नळाच्या आट्यांना लावायच्या पांढऱ्या लेपाबद्दल सांगितलंय. कुणी तो डोक्याला चोळला तर? म्हणून मी वर ठळक अक्षरांत ओळ टाकली: 'हे पान फक्त नळाच्या गळतीविषयी आहे. कृपया यातलं काहीही डोक्याला लावू नये.' त्या ओळीचा फोटो काढून लोकांनी एकमेकांना पाठवला, आणि दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाच्या दुप्पट माणसं आली. म्हणजे खुलासा करावा तर आग विझायच्या ऐवजी भडकते, हे एक नवीन शिकले.

शेवटी वेबवाल्याने शोधून काढलं. सगळी गर्दी एकाच ठिकाणाहून येत होती, एका व्हिडिओवरून. त्याच्याखाली आपल्या पानाचा पत्ता दिला होता.

कुणीतरी केस कापणारा आहे. चेहरा दिसत नाही. नुसते हात, कंगवा आणि गिऱ्हाइकाचं डोकं, तेही मागून, मधोमध लख्ख. हात आपलं काम करतायत आणि आवाज बातम्या वाचाव्यात तसा गंभीरपणे आपलं पान वाचतोय. "गळती एका दिवसात सुरू होत नाही. आपण दुर्लक्ष करतो, आणि मग एक दिवस सगळं हातात येतं." गिऱ्हाईक मान डोलावतं. "वरवर लेप लावून उपयोग नाही, मुळाशी जा. आधी मान धरा, मग हलक्या हाताने पिळा." डावा हात गिऱ्हाइकाच्या मानेवर जातो. "जोर लावू नका, जोराने आटे जातात. जुनं झालं की गळणारच. नवं असून गळत असेल तर बसवणाऱ्याला विचारा." इथे गिऱ्हाइकाचे खांदे हलायला लागतात. "आणि काहीच जमलं नाही, तर शेवटचा उपाय, टोपी बसवा." हात शांतपणे त्या डोक्यावर टोपी ठेवतात. संपलं.

मी हसून हसून चष्मा काढून पुसला. मग पुन्हा लावला. व्हिडिओही, चष्माही.

खाली लोकांनी काय काय लिहिलंय. त्यातच कितीतरी जणांनी एक शंका काढली होती: 'मूळ पानावर तर "आधी मन धरा, मग हलक्या हाताने पिळा" असं आहे. हा "मान" का म्हणतो?'

मी आपलं पान उघडून बघितलं. खरंच 'मन' आहे. काना माझ्याकडून राहिला. वर्षभर मी ते वाक्य वाचत होते आणि डोळ्यांना 'मान' दिसत होतं, कारण कानांना तेच माहीत. बाबा नळाच्या दांड्याला मान म्हणतात. दुसरं कुणी म्हणत नाही. मी इतर नळवाल्यांना विचारून खात्री केली. म्हणजे जगातला कुणीही माणूस ते पान मोठ्याने वाचेल तर 'मन' वाचेल. 'मान' वाचणार तो एकच, ज्याने हे वाक्य लोकांच्या मोऱ्यांखाली वाकून वाकून ऐकलंय. आणि वाचताना डावा हात आपोआप गिऱ्हाइकाच्या मानेवर ठेवणार, तोही तोच.

थांबलास ना वाचायचा? खुर्चीत कुणी नाहीये, मला ठाऊक आहे. वाच पुढे.

तुझा आवाज मी पहिल्या वाक्याला ओळखला होता. काना वगैरे नंतरचं. पण ओळखलं असं स्वतःशी कबूल करायला मला पुरावा लागतो, तू जाणतोस.

मग मी विचार करत बसले. ही चेष्टा आहे की आठवण? तू नळाचं काम सोडून सलून काढायला जाताना बाबा म्हणाले होते, "आता काय लोकांची डोकी धुणार?" आणि तू म्हणालास, "तुम्ही मोऱ्या धुता, मी डोकी. एक मजला वर गेलो." मला तेव्हाही त्यात गंमतच दिसली होती. त्यांना दिसली नाही. तेव्हापासून घरात तुझा विषय निघाला की बाबा उठून नळ तपासायला जातात. आपल्या घरातल्यासारखे नळ या गावात कुणाकडे नाहीत.

म्हणजे त्यांना हा व्हिडिओ दाखवावा तर पंचाईत. आपण प्रसिद्ध झालो म्हणून ते पोराटोरांसारखे आनंदात होते, आणि तो आनंद पोरानेच केलेल्या थट्टेवर उभा आहे असं त्यांना वाटलं असतं तर? न दाखवावा तरी पंचाईत. तुझा आवाज त्यांनी किती दिवसांत ऐकलेला नाही. मी रोजनिशीत दोन्ही बाजू मांडल्या, खोडल्या, परत मांडल्या. माझं ठरेपर्यंत तुझ्या भाचीने दुकानाच्या गल्ल्यावर फोन उभा करून व्हिडिओ लावूनही टाकला.

बाबांनी पूर्ण ऐकला. डोळे मिटून, मान वाकडी करून, भिंतीतल्या पाइपला कान लावतात तसं.

"परत लाव."

तिने लावला.

"आजोबा, हसू नाही आलं?"

"गप गं. ऐकू दे. परत लाव."

तिसऱ्यांदा झाल्यावर डोळे उघडले आणि म्हणाले, "मागे नळ टिपकतोय. वायसर गेलाय."

आम्ही दोघी फोनवर वाकलो. मग आम्हीही ऐकलं. खरंच, तुझ्या आवाजाच्या मागे, दोन वाक्यांच्या फटीत, टप. परत टप. इतक्या हजारो लोकांनी तो व्हिडिओ बघितला, त्यावर इतकं लिहिलं, पण ते कुणालाही ऐकू आलं नव्हतं.

"कुणाचं दुकान आहे हे?" बाबांनी विचारलं. त्यांना माहीत होतं. त्यांना माहीत आहे हे मलाही माहीत होतं.

मी म्हटलं, "असेल कुणाचं तरी."

"असेल. पण डोकी धुवायच्या जागी नळ टिपकता ठेवू नये. गिऱ्हाईक डोळे मिटून पडलेलं असतं, त्याच्या मानेवर थेंब पडतो. दचकतं ते." थोड्या वेळाने म्हणाले, "मान म्हणाला तो. तू मन लिहिलंयस."

"तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं मुद्दाम लिहिलंयस. म्हटलं शिकलेली आहे, असेल त्यात काही."

त्या दिवसापासून बाबांचं कामात लक्ष नाही. वायसरांचा खण उघडून बसतात. तीन मापांचे काढून ठेवलेत. "नळ दिसत नाही ना, नुसता आवाज. आवाजावरून अर्ध्या इंचाचा वाटतो. पण एक मोठा असू दे, एक लहान." मी विचारलं, "कशाला काढून ठेवताय?" तर म्हणाले, "असावेत जवळ." मग पिशवीत पाना गेला, पांढरा लेप गेला. काल एक जाळीही गेली. केसांनी मोरी तुंबू नये म्हणून.

यावं असं ते म्हणणार नाहीत. म्हणून मी म्हणते. येत्या रविवारी नाही, त्या पुढच्या रविवारी आम्हाला तिघांना तुझ्याकडे यायचंय.

हो-नाही फोनवर म्हणायची तुझ्यावर वेळ आणत नाही. तू बुधवारी बुधवारी व्हिडिओ टाकतोस, हे आता मला कळलंय. पुढच्यात नळ गप्प असला तर समजेन की तो तू दुसऱ्या कुणाकडून करून घेतलास. बाबाही समजतील, आणि पिशवी खुंटीला जाईल. मी तुझ्यावर रागावणार नाही. (हे वाक्य खरं आहे का, विचारलं. दाखवणार नाही, एवढंच खरं आहे.)

पण टिपकत असेल, तर तो तसाच राहू दे. कुणालाही हात लावू देऊ नकोस.

काना विसरलेली,
तुझी ताई


गुरुवार, दि. १४ मार्च

प्रिय वायसर,

काल तुझा व्हिडिओ यायच्या वेळेला आपलं दुकान बंद होतं. बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी होती. बाबा त्यांना म्हणाले, "थांबा जरा. तातडीचं काम आहे." आणि आम्ही तिघं गल्ल्यावरच्या फोनसमोर बसलो.

खुर्ची रिकामी. गिऱ्हाईक नाही, कंगवा नाही, टोपी नाही. नुसतं डोकं धुवायचं बेसिन आणि वर नळ. आवाज काहीच नाही. मी बाबांकडे बघितलं नाही. भाचीने माझा हात धरला. मी मनात समजुतीची वाक्यं जुळवायला लागले, आणि एकही धड जुळेना.

मग तुझा हात आला आणि त्याने नळ पुरता सोडून दिला. टिपकणं नाही, टिपटिप नाही, चांगली बोटभर धार. आणि तुझा तो बातम्यांचा आवाज: "नवं असून गळत असेल तर बसवणाऱ्याला विचारा."

बस. एवढंच. नळ वाहतोय आणि व्हिडिओ संपला.

बाबा उठले. पिशवी घेतली, चपला घातल्या.

"गाढव आहे," ते म्हणाले. "पाणी वाया घालवतोय. चला."

"बाबा, रविवारी जायचं ठरलंय."

"रविवारपर्यंत ते असंच वाहू द्यायचं का?"

मी सांगून बघितलं की व्हिडिओ संपल्यावर कुणीही नळ बंद करतोच. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी कॉलेजात नेमकं काय शिकले असा त्यांना प्रश्न पडला असावा. शेवटी शनिवारवर तडजोड झाली. बाहेर उभ्या गिऱ्हाइकांना ते म्हणाले, "माझ्या मुलाच्या सलूनचं काम आहे. आधी ते." 'माझ्या मुलाच्या' म्हणाले. मी जसंच्या तसं लिहितेय.

आपली रेषा पुन्हा उभी आहे. तुझा तो नुसता नळ बघायला आदल्या वेळेपेक्षा जास्त माणसं आली, आणि तिथून आपल्या पानावर. लोक एकमेकांना विचारतायत, यात आहे काय? गुपित आहे म्हणतात, जाहिरात आहे म्हणतात. वेबवाल्याचाही फोन आला. "ताई, या वेळी कशामुळे झालं काही कळलं का?"

मी म्हटलं, "बघावं लागेल."

पानावरचा तो काना मी घातलेला नाही. माझ्यासारखीने चूक डोळ्यांदेखत तशीच ठेवायची म्हणजे किती जड गेलं असेल ते तुला कळेल. पण बाबा म्हणतात, असेल त्यात काही.

हे पत्र तुला आमच्या नंतर मिळेल. तरी लिहिलं, कारण समोर आल्यावर मला यातलं काही बोलता येणार नाही आणि तू नक्की म्हणशील, गिऱ्हाईक बसलंय. तुझ्या हाती हे पडेल तोवर नळ गप्प झालेला असेल. तुम्ही दोघं नसावात, एवढंच मागणं.

तुझी
ताई